मटाराच्या दाण्याएवढं

आज सकाळी तोंड पुसताना हनुवटीवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी टॉवेलला चिकटून आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुरकुत्यांवरचं ते रेटिनॉलचं क्रीम मटाराच्या दाण्याएवढंच घ्यायचं, दोन दिवसांआड लावायचं आणि उन्हात जपायचं. पण दिवाळीला अंगभर उटणं चोपडणाऱ्या घरात वाढलेली मी. जास्त लावलं की जास्त गुण येतो, हे हाडीमांसी मुरलेलं. रोज थापलं, वर भर उन्हात गच्चीवर कुरडयाही घातल्या.

खोटं कशाला बोलू, कपाळावरची रेष पुसट झालीय. पण चेहरा नुसता पेटलाय, आणि म्हातारपणाची धास्ती काही जागची हललेली नाही.

"आई, मला पण लाव ना ते क्रीम." माझी अकरा वर्षांची लेक आरशासमोर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तुला गं कशाला?"

"मला पण रेषा आहेत. ह्या बघ."

तिनं आरशात बघत कपाळाला आठ्या घातल्या आणि तशाच धरून ठेवल्या. मी घाबरून तिच्या कपाळावरून हात फिरवला. आठ्या लगेच गेल्या. ती मात्र आरशासमोरून हलेना.