कळपाचा आकडा

त्या दुष्काळात आमच्या घरात एकच प्रश्न होता, मेंढरं ठेवायची की विकायची. गावी सोयगावकडची विहीर आटली होती आणि मी इकडं शहरात, उस्मानपुऱ्यात खोली घेऊन संगणकशास्त्र शिकत होते. शिकत कसली, डोकं धरून बसत होते. प्रश्न किती अवघड आहे ते मोजायचं म्हणे. तो सोडवायला संगणकाला वेळ किती लागेल, जागा किती लागेल. जागा वाचवली की वेळ वाढतो. एवढं मात्र कळायचं, कारण नळाला आठवड्यानं पाणी यायचं आणि खोलीत एकच ड्रम मावायचा. मग हंडा घेऊन टँकरमागं हिंडण्यात माझा अर्धा दिवस जायचा. पण पुढं सर म्हणाले, प्रश्न तर्काच्या भाषेत मांडा, तो मांडायला काय काय लागतं त्यावरूनही अवघडपणा मोजता येतो. तिथं माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

अशात आबा, माझे वडील, खोलीवर आले. चहा बशीत ओतत म्हणाले, "काय शिकतीस माय, सांग तरी."

मला चेव आला. म्हटलं, आपलाच प्रश्न घेऊ. जवळ चारावीत तर पाणी विकत. पाण्याकडं न्यावीत तर रोजची पायपीट. चितेगावकडं न्यावीत तर कंपन्यांची कुंपणं, चराई उरलीय कुठं? कागदावर बाण काढत सुटले आणि अडले. सगळं माप कळप केवढा त्यावर ठरतं, आणि तेच मला माहीत नव्हतं. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, दृष्ट लागते. कुणी विचारलंच तर "हायेत की चार" म्हणायचं नि विषय बदलायचा. आबा संध्याकाळी नुसती नजर फिरवायचे, कुठलं मागं राहिलं ते त्यांना कळायचं.

"आकडा सांगा, आबा. त्याच्याबिगर काय होत नाय."

"असू दे की."

"असू दे कसं? हिशेब मांडू कशावर?" मी चिडलेच.

आबांनी बशी खाली ठेवली आणि आकडा सांगितला. सरळ, घोळ न घालता. मला इतका आनंद झाला की लगेच गुणाकार मांडला. दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं. काही उमगेना, नुसती भीती वाटली.

"आबा, तुम्ही कधी मोजली?"

"म्या कशाला मोजू?" ते म्हणाले. "घेणाऱ्यानं मोजली काल. म्या पाठ फिरवून उभा व्हतो, पर तो लई मोठ्यानं मोजत व्हता."