उत्तरपत्रिकेत न आलेलं नाव

बारावीचा मराठीचा पेपर सुटला आणि नूतन कटरे फाटकातून अशा रुबाबात बाहेर पडली, की जणू निकालच पदरात बांधून निघाली आहे. पस्तिशी गाठलेली, दोन लेकरांची आई, मुर्री गावच्या शेतकरी घरातली सून. दहावी होताच लग्न झालं आणि शाळा तिथेच राहिली. आता गावच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघणार होती आणि तिला बारावी पास लागते. तेवढ्या एका जागेसाठी तिने बाहेरून फॉर्म भरला होता, धानाच्या रोवणीच्या चिखलाचे हात धुऊन पुस्तक धरलं होतं. इंग्रजीचं देव जाणे, पण मराठी म्हणजे घरचीच, असा तिचा भरवसा.

समोरच्या रसवंतीवर पोरी उत्तरं ताडून पाहत बसल्या होत्या. ही उठाठेव पोरी का करतात कोण जाणे. मार्क तर एकही वाढत नाही, वर घशाखाली रसही धड उतरत नाही. पण नूतन ऐटीत त्यांच्यात जाऊन बसली. शेजारची डिंपल, जी रोज संध्याकाळी तिचा अभ्यास घ्यायची, तिने उताऱ्यापासून सुरुवात केली. उतारा एका तलावाच्या राखणदाराचा होता. पूर आला तेव्हा त्याने तलावाची पाळ, म्हणजे बांध, फोडून पाणी स्वतःच्या धानाच्या शेतात सोडलं आणि गाव वाचवलं.

"काकू, पाळ कोणं फोडली? तुमी का लिवलं?"

"राखणदारानं."

"नाव विचारलं होतं न. बरं, जोड्या लावल्या का?"

"लावल्या. एक रायली."

"कोणती?"

डिंपलने प्रश्नपत्रिका पुढे धरली, तेव्हा नूतनने नुसतं बोट ठेवलं. बोटाखाली राखणदाराचं नाव होतं, उदाराम.

"अन् राखणदाराचा स्वभाव लिवाचा होता, त्याच्यात?"

"त्या भल्या माणसाचा स्वभाव, असं लिवलं."

"म्हणजे उताऱ्याच्या साऱ्या उत्तरांत एकदाबी नाव नाई? काकू, त्याच्यावरच तर सारे प्रश्न होते." डिंपलच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

उदाराम हे नूतनच्या सासऱ्याचं नाव. नवऱ्याच्या नावाला निदान उखाण्याची पळवाट असते, सासऱ्याच्या नावाला तीही नाही. सुनेने ते घेतलं तर त्यांचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने लग्नाआधीच बजावलं होतं. गावात त्याच नावाचा एक दुकानदार आहे, त्याला ती आजही 'आमच्या घरच्यांच्या नावाचे' म्हणते. पण आज ती हादरली ती वेगळ्याच गोष्टीने. ठरवून टाळलं असतं तर स्वतःला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. तिने काही ठरवलंच नव्हतं. ते नाव आलं की डोळे पुढे सरकले होते, पेन बाजूने गेलं होतं, आणि पेपर झकास गेला या आनंदात ती बाहेर आली होती. आपल्याच हाताची तिला भीती वाटली.

तेवढ्यात मोटरसायकलवर सासरा तिला न्यायला आला. सुनेला शिकवायला निघाला म्हणून भाऊबंदांची बोलणी खाल्लेला हा माणूस. तिचं तोंड पाहून त्याने गाडी स्टँडवर लावली.

"काऊन व, पेपर बिघडला का?"

डिंपलनेच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

"माह्या नावापायी? पास त होईल न ते?"

"काठावर हाय, आजोबा."

तो सुनेकडे वळला. "अंगणवाडीत का करशील मंग? घरोघरचे नावं लिवा लागतात. पयलं घर त आपलंच हाय. म्हण माहं नाव."

"मामाजी, नाई जमत."

"म्हण म्हणतो न."

तिने पदर घट्ट धरला. रसाचा चरक घुंगरं वाजवत फिरत होता, पोरी बघत होत्या. "उदाराम," ती म्हणाली आणि लगेच त्याच्या छातीकडे पाहू लागली. आता हा माणूस इथेच कोसळणार, असं तिला खरोखर वाटलं.

तो कोसळला नाही. पण त्याचा हात गाडीच्या सीटवर टेकला. नूतन पुढे धावली.

"मामाजी, का झालं?"

"काई नाई," तो म्हणाला. "माही माय गेली तवापासून घरात कोणं मले नावानं हाक मारलीच नाई. तुही सासू त एकदाबी न घेताच मेली."