चार तुकड्यांतलं पुस्तक

दोन हजार नऊचा जानेवारी. नाशिकरोडला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं आणि शेअर बाजाराच्या टेबलावर मला एक ओळखीचं नाव दिसलं... आता मराठीत आलेलं, आणि मुख्य म्हणजे सबंध. त्याआधी मी ते पुस्तक कधी सबंध पाहिलंच नव्हतं.

आमच्या घरी त्याच्या चार तुकड्यांपैकी फक्त एक होता.

बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात रिले टेस्टिंगला होते. म्हणजे मशीनवर भार वाढला, काही बिघडलं, तर ते कुठल्या आकड्याला आपोआप बंद पडायला हवं, ते सेटिंग लावायचं आणि तपासायचं. अशा बंद पडण्याला तिकडे सगळे ‘ट्रिप’ म्हणायचे. आम्ही कॉलनीतली मुलंसुद्धा घरचा मिक्सर थांबला की ट्रिप झाला म्हणायचो.

नव्वदच्या दशकात कॉलनीत शेअर्सची साथ आली. कुणी टीप ऐकून घ्यायचं, कुणी मेव्हण्याच्या सांगण्यावरून. बाबा आणि त्यांचे तीन दोस्त मात्र स्वतःला शहाणे समजायचे... मशीनला हात लावण्याआधी मॅन्युअल वाचायचं, ही प्लांटची शिस्त त्यांनी बाजारालाही लावली.

चौघांत मिळून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. आणि प्लांटमध्ये मॅन्युअलचं करतात तेच त्याचं केलं... बॉयलरचा भाग बॉयलरवाल्यांना, टर्बाइनचा टर्बाइनवाल्यांना. ब्लेडने शिवण कापली, चार भाग पाडले, प्रत्येकाला खाकी कव्हर घातलं.

ज्याने त्याने आपला भाग डिक्शनरी घेऊन वाचायचा आणि रविवारी सकाळी आमच्या अंगणात बाकीच्यांना समजवायचा. आई चहा करून करून वैतागायची.

कंपनी कशी निवडायची, झालं. भाव स्वस्त कधी समजायचा, झालं. घेतलेला शेअर धीराने कसा सांभाळायचा, हा बाबांचा भाग, आणि तो त्यांनी इतका मन लावून शिकवला की त्यांना स्वतःलाच पाठ झाला.

शेवटचा भाग गांगुर्डे काकांकडे होता. “पुढच्या रविवारी माझा नंबर हाय, लय तयारी केलीय,” असं सांगून गेले आणि त्याच आठवड्यात त्यांची विदर्भात बदली झाली. ट्रकमधून सामान गेलं, त्यात ते खाकी कव्हरही गेलं.

पाठवतो म्हणाले होते, राहून गेलं. बाबांनीही फार मनावर घेतलं नाही. म्हणाले, “शेवटचंच तर आहे, समारोप असणार.”

पुढे बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आम्ही जेलरोडला भाड्याने राहायला आलो. फंडाचे पैसे बाबांनी अभ्यास करून शेअर्समध्ये घातले. वीज, बांधकाम... त्यांच्या ओळखीच्या धंद्यातल्या कंपन्या. आणि खरं सांगते, ते पैसे वाढलेही.

आईने जवळच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट पाहून ठेवला. ती बुटकी, भाड्याच्या घरातला ओटा तिला उंच पडायचा, पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. बिल्डरला तिने आधीच बजावून ठेवलं होतं की माझा ओटा खाली घ्या.

“अहो, आता काढा ना पैसे,” असं ती दर चार दिवसांनी म्हणायची. बाबांचं उत्तर ठरलेलं. “कंपन्या चांगल्या आहेत. धीर धरायचा.”

दोन हजार आठला बाजार पडायला लागला. बाबांनी धीर धरला. आणखी पडला तेव्हा स्वस्त मिळतंय म्हणून हाताशी होतं तेही घातलं... हाव नव्हती हो, जे शिकले होते तसंच वागत होते. दिवाळीपर्यंत घरात फ्लॅटचा विषय कुणी काढेनासं झालं. आईसुद्धा.

तर त्या प्रदर्शनात मी उभ्या उभ्या शेवटचा भाग उघडला. समारोप नव्हता तो. शेअर कधी विकायचा, एवढंच त्यात होतं.

पुस्तक घेऊन घरी आले. बाबा मटार सोलत बसले होते. मी वाचून दाखवायला लागले... शेअर घेतानाच, डोकं शांत असताना, एक आकडा ठरवायचा. भाव त्याच्या खाली गेला की विकून बाहेर पडायचं, त्या घटकेला विचार करत बसायचं नाही.

“परत वाच,” बाबा म्हणाले. मी परत वाचलं.

“हे ट्रिप सेटिंग आहे,” ते म्हणाले. मग हातातली शेंग खाली ठेवून, “अगं, हे तर मला येत होतं. आयुष्यभर मी दुसरं केलं काय?”

एवढं बोलून ते पुन्हा मटार सोलायला लागले. दाणे सालांच्या ढिगात आणि सालं पातेल्यात पडत होती, त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. आई शेजारी येऊन बसली आणि दाणे वेचत राहिली.

मला भयंकर राग आला होता. पण काढायचा कुणावर? गांगुर्डे काकांवर, बदलीवर, की त्या ब्लेडवर... अजूनही कळलेलं नाही. त्या कंपन्या पुढे सावरल्याच नाहीत आणि फ्लॅटचे भाव वर वर जात राहिले. बाबा गेले तेही त्या भाड्याच्या घरातूनच.

हल्ली कुणी ना कुणी मेसेज करतं, गुंतवणुकीवरचं चांगलं पुस्तक सुचव. मराठीतही आता भरपूर आहेत, कुठलंही धड असलेलं घ्या. फक्त सबंध वाचा, स्वतः वाचा, आणि विकण्याचं प्रकरण सगळ्यात आधी वाचा. न वाचता बाजारात पाऊल टाकायचं नाही, हे मात्र मला बाबांनीच शिकवलं आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

आई अजून त्याच घरात राहते. काल गेले तेव्हा पाटावर उभी राहून भाकरी थापत होती.