हडंब्यापुढचा पदर

आमच्या गावात मळणीचं मशीन आलं, त्याला सगळे हडंबा म्हणत. त्याआधी खळ्यावर बैलांची पात फिरायची. बैल हाकेनं थांबायचा. हडंब्याला हाक ऐकू येत नव्हती, आणि तो सुरू झाला की माणसालाही दुसऱ्याची हाक ऐकू यायची नाही. मला त्याची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची.

त्या साली माझे मालक आणि धाकटे दीर दोघंही वाळूजला कंपनीत लागले होते, बजाजनगरात खोली करून राहत. शेतावर उरलो मी, धाकटी जाऊ आणि सासरे. ट्रॅक्टरवाला हडंबा आणून लावायचा. कणसं त्याच्या तोंडात सारायचं काम आम्हां दोघींवर आलं.

सासरे बाभळीखाली बाज टाकून बसत, बरोबर समोर. जाऊ नवी होती. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर घसरू द्यायचा नाही, हे ती माहेराहून शिकून आलेली. म्हणून एका हातानं ती पदर धरी आणि एकाच हातानं कणसं लोटी. पदराचं टोक मशीनच्या तोंडाशी हलत राही. पदर कमरेला खोच, असं मी तिला सकाळीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "मामा समोर बसलेत, आक्का. मला नाय जमायचं." मामांना तिथून उठा म्हणायची हिंमत माझ्यातही नव्हती. तेवढं मी खरं सांगते.

दुपारी टोक आत गेलं. ती वाकली, आणखी वाकली, तरी तिनं डोक्यावरचा हात सोडला नाही. मी तिला कमरेत धरून मागं ओढलं. लुगडं टरकन फाटलं. ट्रॅक्टरवाल्यानं मशीन बंद केलं. तिचे दोन्ही हात शाबूत होते. तशातही ती सासऱ्यांकडं पाठ करायला बघत होती.

सासरे उठले. तोंड दुसरीकडं करून म्हणाले, "पदर खोचा कमरंला. म्या हिकडं येत नाय." बाज उचलून ते विहिरीकडं गेले.

त्या हंगामात आम्ही उघड्या डोक्यानं मळणी केली. ह्यांच्या सुनांना आता सासरा दिसत नाही, असं गावात लई बोलणं झालं. पुढच्या साली बोलणाऱ्यांच्या सुनाही तशाच उभ्या होत्या. पण जावेचा हात सवयीनं मध्येच डोक्याकडं जायचा. तिथं पदर नसायचा, ती गोंधळायची, आणि दुसरा हात कणसांबरोबर पुढं सरकायचा. मी कणसं कमी आणि तो हात जास्त बघायचे.