बाटलीवरच्या दोन खुणा

कडू औषधाचा वास आला की मला सासूबाईंची मांजरी आठवते. बावन्न साली लग्न होऊन मी कल्याणला आले, तेव्हा सासरे हिवतापाने अंथरुणाला खिळलेले. दवाखान्यातून त्यांच्या मिक्श्चरची बाटली यायची. तिच्यावर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे. एक खूण म्हणजे एक डोस. त्याच दिवसांत मांजरी अंग तापून चुलीजवळ पडून राहिली. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव. त्या खाडीवर मासळी आणायला गेल्या, तेव्हा मी एक खूण औषध चमच्याने तिच्या घशात ओतलं. तासाभरात तिच्या तोंडाला फेस आला, पाय ताठ झाले. सासूबाई दारात दिसताच मी रडतच सगळं सांगून टाकलं. "किती दिलंस गं?" "एकच खूण." त्यांनी बाटली उजेडात धरली. सासऱ्यांच्या सकाळच्या डोसनंतर सहा खुणा उरायला हव्या होत्या, होत्या चारच. सासूबाईंनी बाटली खाली ठेवली. "मीपण दिलेलं गं, जायच्या आधी." गुरांचा डॉक्टर येईपर्यंत मांजरी गेली होती. "माणसाचं औषध एवढ्याशा जिवाला कसं सोसेल?" एवढंच तो म्हणाला. संध्याकाळी सासऱ्यांचा डोस द्यायची वेळ झाली, तर दोघींपैकी एकीचाही हात बाटलीकडे जाईना. परवा नात मांजराच्या तोंडाशी तापाची गोळी नेत होती, ती मी हिसकावून घेतली. "अगं आजी, अर्धीच देत होते!" ती म्हणाली. मी विचारलं, "आणि तुझ्या आईनं?"