आयरनीचा माल

भीमराज चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर होता आणि संध्याकाळच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होता. त्याची आई भिमाबाई भाजीवालीलाही थांबवून सांगायची, "माझा भीमराज इंग्रजीत बी.ए. करतोय." साहित्याच्या संज्ञांच्या पेपरात तो दोनदा आपटला होता, हे मात्र ती सांगत नसे. आता तिसरी खेप होती आणि या वेळी आपटला तर कॉलेज सोडायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

पाठांतराला वेळ कुठला? मग त्यानं शक्कल काढली. काम झालेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव लोखंडी भागावर, खडूनं त्या पेपरातला एक शब्द लिहायचा आणि पुढचं होईस्तोवर तो घोकायचा. पुसायचं तेवढं राहून जायचं.

आता खात्याची रीत अशी, की कास्टिंगला भोक, चीर काही दिसली तर कामगारानं त्या दोषाचं नाव खडूनं वर लिहायचं आणि तपासणाऱ्यानं तो माल भंगारात टाकायचा. तपासणीला होते महाळुंग्याचे गेनबा. त्यांनी 'आयरनी' वाचलं, 'मेटाफर' वाचलं, मान डोलावली आणि माल भंगारात लोटला.

ढीग वाढला तसं फोरमनसाहेबांनी विचारलं. "आयरनी लई वाढलीया, साहेब," गेनबा म्हणाले. साहेबांनीही मान डोलावली आणि कास्टिंग ओतून देणाऱ्या फाउंड्रीला खरमरीत पत्र धाडलं. फाउंड्रीवाले काही कमी नव्हते. त्यांनी कळवलं, आयरनी आटोक्यात आणली आहे. मेटाफर मात्र साच्याच्या वाळूतून येतं, थोडी मुदत द्यावी.

भीमराजला याचा पत्ताच नव्हता. परीक्षेची रजा आगाऊच मागायला तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला, तर आत फाउंड्रीचा माणूस बसलेला आणि टेबलावर एक कास्टिंग. त्यावर भीमराजच्याच अक्षरात लिहिलेलं, 'ट्रॅजेडी'.

"बरा आलास," साहेब म्हणाले. "यांना हा दोष जरा दाखव."

भीमराजनं मनाशी हिशोब केला. खरं सांगावं तर रजा गेली, कदाचित नोकरीही. गप्प बसावं तर चांगला माल भट्टीत जाणार.

"साहेब, माल चोख आहे. हे माझ्या अभ्यासाचे शब्द आहेत."

फाउंड्रीवाला छताकडे बघत बसला, कारण ते उत्तर त्यानंच लिहिलं होतं. साहेबांनी घाम पुसला, रजेवर झटकन सही केली आणि म्हणाले, "हे केबिनबाहेर जाता कामा नये."

भंगारातून माल परत काढताना भीमराज म्हणाला, "गेनबाकाका, मला एकदा विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर अडानी ठरलो असतो की, राव."

भीमराजला हसू आलं आणि मध्येच अडकलं. वर्गात सर आयरनी शिकवत तेव्हा तोही अशीच मान डोलवायचा. सगळ्यांना कळतं, फक्त आपल्याच डोक्यात उजेड पडत नाही, असं त्याला वाटे. त्याच्या वस्तीतून इथवर आलेला तो पहिलाच. विचारून आपलीच शोभा कशाला करून घ्यायची?

त्या संध्याकाळी तो वर्गात उभा राहिला. "सर, आयरनी म्हणजे नेमकं काय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ते परीक्षेला येत नाही," ते म्हणाले आणि घाईघाईनं पान उलटलं.

भीमराज खाली बसला. इतकी वर्षं तो स्वतःला मठ्ठ समजत होता! त्याला इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवसापासून त्यानं प्रश्नांचा सपाटाच लावला. सर बिचारे रोज घरून वाचून येऊ लागले आणि त्या वर्षी अख्खा वर्ग पास झाला.