तिसरी हाक
तापलेल्या धुळीचा वास आला की विहारातला तो जुना, काचेचे दिवे पेटणारा ॲम्प्लिफायर आठवतो. जयंतीला मी पहिल्यांदाच गाणार होते, पण भोंग्यातून माझा आवाज फारच चिरका आला. "गाऊन राहिली का पत्रा घासून राहिली?" मागून एक बाई बोलली. मी उठून चालले. ॲम्प्लिफायरवाले काका म्हणाले, "बस बाई. गाऊ नको, घरी बकरीला हाक मारती तशी मार." मी लाजत हाक मारली. त्यांनी डोळे मिटून ट्रेबल कमी केला, बेस जरासा वाढवला आणि पुन्हा मारायला लावली. तिसऱ्या हाकेला विहारामागच्या आमच्या अंगणातून बकरी ओरडली. "आता बराबर. गा," ते म्हणाले. मी अख्खं गाणं गायलं. तसा कान मला पुन्हा भेटला नाही. अजूनही गाण्याआधी मी मनातल्या मनात बकरीला हाक मारते.